रांग ठेवायला एक फाइल पुरते

काटोल-नरखेडच्या पट्ट्यात संत्र्याच्या बागेत धुऱ्यावर उभा राहून शेतकरी ई-पीक पाहणीच्या ॲपमध्ये आपलं पीक नोंदवतो, तेव्हा मोबाइलला रेंज असेलच असं नाही. 15 ऑगस्ट 2021 पासून हा उपक्रम राज्यभर सुरू झाला आणि तलाठ्याच्या हातून होणारी सातबाऱ्यावरची पीकनोंद शेतकऱ्याच्या हाती आली. गट क्रमांक, पिकाचं नाव, क्षेत्र आणि अक्षांश-रेखांशासह फोटो, एवढं वावरात भरायचं. ॲपच्या मुख्य पानावर मात्र ‘अपलोड’ असं वेगळं बटण होतं. नोंद करणं हे एक काम आणि ती सर्व्हरवर पोचवणं हे दुसरं. पहिलं काम वावरात होतं. दुसरं कधीकधी संध्याकाळी गावात, जिथे रेंज मिळते तिथे.

मधल्या काळात ती नोंद कुठे असते, हा या लेखाचा विषय आहे. प्रश्न शेतकऱ्याच्या मोबाइलपुरता नाही. नागपूरच्या धंतोलीतल्या दवाखान्यात, सीताबर्डीच्या दुकानात, शाळेच्या कार्यालयात, जिथे जिथे एक प्रोग्रॅम काम सोपवतो आणि दुसरा ते उरकतो, तिथे तो उभा राहतो. सोपवलेलं काम दुसऱ्याने हाती घेईपर्यंत सांभाळायचं कोणी?

असं काम सांभाळणारी रांग आतून कशी दिसते, हे ‘ओडीके कलेक्ट’ या ॲपमध्ये उघड पाहता येतं. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात 2008 मध्ये सुरू झालेलं हे मुक्त सॉफ्टवेअर आज जगभरच्या आरोग्य आणि शेतीच्या सर्वेक्षणांत वापरतात. त्याचा सोर्स कोड कोणीही वाचू शकतो. मोबाइलमध्येच त्याचा एक छोटा डेटाबेस असतो, त्यात एक टेबल आणि भरलेल्या प्रत्येक फॉर्ममागे एक ओळ. त्या ओळीत स्थितीचा एक रकाना आहे: अर्धवट, पूर्ण, पाठवलेला, पाठवणं फसलेला. पाठवणं फसलं म्हणून फॉर्म पुसला जात नाही, फक्त रकान्यातला शब्द बदलतो. सर्वेक्षण करणारी कार्यकर्ती मोबाइल बंद करो, बॅटरी संपो, ॲप मध्येच बंद पडो, ओळ जागची हलत नाही. पुढच्या वेळी पाठवणारा भाग जागा झाला की तो टेबलात पाहतो आणि उरलेल्या कामाला लागतो.

राज्यातल्या अंगणवाडी सेविकांनी पोषण अभियानाच्या सुरुवातीच्या वर्षांत ‘कॉमकेअर’ या प्रणालीवर उभारलेलं ॲप वापरलं, त्याची रीतही हीच. घरभेटीचा फॉर्म आधी मोबाइलमध्ये जमा होई आणि नेटवर्क आलं की वर जाई.

याहून जवळचं उदाहरण आपल्या खिशात आहे. अँड्रॉइडमध्ये ‘डाउनलोड मॅनेजर’ नावाची सेवा 2010 पासून आहे. एखादं ॲप तिला ‘ही फाइल उतरवून दे’ असं सांगतं आणि मोकळं होतं. ते ॲप बंद केलं तरी फाइल उतरतच राहते, कारण उतरवणारा प्रोग्रॅम निराळा आहे. दोघांच्या मध्ये एक टेबल असतं आणि त्यातल्या स्थितीच्या रकान्यात आकडे असतात. 190 म्हणजे पाळी यायची आहे, 192 म्हणजे काम चालू आहे, 194 म्हणजे थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न, 195 म्हणजे नेटवर्कची वाट पाहणं, 196 म्हणजे वायफायची वाट पाहणं आणि 200 म्हणजे काम फत्ते. नागपूरहून रेल्वेत बसून निघाल्यावर बुटीबोरीच्या पुढे रेंज गेली की 192 चा 195 होतो आणि वर्ध्याला तो पुन्हा 192 होतो. मोबाइलधारकाला यातलं काही करावं लागत नाही.

गूगलने 2018 मध्ये ॲप बनवणाऱ्यांसाठी ‘वर्कमॅनेजर’ आणला. मागे राहिलेली कामं खात्रीने पार पाडण्यासाठी तो आहे आणि त्यानेही कामांची यादी अशाच एका डेटाबेसमध्ये ठेवली. काम फसलं तर आधी 30 सेकंद थांबायचं, मग त्याच्या दुप्पट, मग आणखी दुप्पट, असं वाढवत कमाल 5 तासांपर्यंत. फोन बंद करून पुन्हा सुरू केला तरी यादी शाबूत.

या सगळ्यांच्या मुळाशी एकच सॉफ्टवेअर आहे: एसक्यूलाइट.

एसक्यूलाइटचा जन्म युद्धनौकेसाठी झाला. 2000 साली रिचर्ड हिप हे प्रोग्रॅमर अमेरिकी नौदलाच्या ‘ऑस्कर ऑस्टिन’ या विनाशिकेसाठीच्या सॉफ्टवेअरवर काम करत होते. जहाजाला इजा झाली तर कुठले व्हॉल्व्ह बंद करायचे आणि कुठले उघडे ठेवायचे, हे ठरवायला मदत करणारा तो प्रोग्रॅम होता. त्याची माहिती एका मोठ्या डेटाबेस सर्व्हरमध्ये होती. तो सर्व्हर बंद पडला की हिप यांचा प्रोग्रॅमही ‘डेटाबेसशी संपर्क होत नाही’ असं सांगून हात वर करी. जहाजाला भगदाड पडलेलं असताना हे परवडणारं नव्हतं. तेव्हा त्यांच्या मनात आलं की मधला सर्व्हरच काढून टाकावा आणि प्रोग्रॅमने डिस्कवरची फाइल थेट वाचावी. ऑगस्ट 2000 मध्ये पहिली आवृत्ती आली. आज हे सॉफ्टवेअर प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये आणि आयफोनमध्ये आहे, क्रोम आणि फायरफॉक्समध्ये आहे. त्यावर कोणाचाच मालकी हक्क नाही. हिप यांनी ते सगळ्यांसाठी खुलं सोडलं. 2050 पर्यंत ते सांभाळण्याचा त्यांच्या गटाचा जाहीर संकल्प आहे.

आकाराने ते एक एमबीच्या आत बसतं. वेगळा सर्व्हर नको, पासवर्ड नको, पोर्ट नको, रात्री उठून पाहायला माणूस नको. संपूर्ण डेटाबेस म्हणजे एक फाइल. पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा वापरणाऱ्याला तर ते उतरवावंही लागत नाही. 2006 पासून ते भाषेसोबतच येतं.

आता एक काल्पनिक पण नागपुरात कुठेही घडू शकेल असं उदाहरण घेऊ. समजा, धंतोलीत एक पॅथॉलॉजी लॅब आहे. तिथे एकाच संगणकावर तीन प्रोग्रॅम चालतात. पहिला काउंटरवरचा: रुग्णाचं नाव आणि तपासणीचे आकडे त्यात भरतात. दुसरा रिपोर्टची पीडीएफ बनवतो. तिसरा रुग्णाच्या मोबाइलवर ‘रिपोर्ट तयार आहे’ असा संदेश पाठवतो. काउंटरवरच्या माणसाने पीडीएफ बनेपर्यंत किंवा संदेश जाईपर्यंत थांबायचं कारण नाही, पुढचा रुग्ण उभा आहे. म्हणून काउंटरचा प्रोग्रॅम काम रांगेत टाकतो आणि मोकळा होतो.

ही रांग संगणकाच्या मेमरीत ठेवली तर वेग भरपूर मिळतो, पण वीज गेली की रांगही जाते. मे महिन्यात पारा 45 च्या वर गेल्यावर वीज कधी जाईल याचा नागपुरात नेम नसतो. एखाद्या फोल्डरमध्ये प्रत्येक कामाची एक टेक्स्ट फाइल टाकायची, हा जुना मार्ग आहे. युनिक्समध्ये छपाईची आणि ईमेलची रांग वर्षानुवर्षे अशीच चालली. पण फाइल अर्धी लिहून झाली असताना दुसऱ्याने ती वाचली तर काय, दोघांनी एकच फाइल उचलली तर काय, याची उत्तरं प्रत्येकाला स्वतः शोधावी लागतात. तिसरा मार्ग म्हणजे रॅबिटएमक्यू, काफ्का, रेडिस यांसारखं खास सॉफ्टवेअर बसवणं. ती उत्तम आहेत, मात्र त्यांपैकी प्रत्येक एक स्वतंत्र सर्व्हर आहे. तो चालू ठेवावा लागतो, अद्ययावत करावा लागतो आणि तो पडला तर उठवावा लागतो. एका संगणकाच्या लॅबमध्ये हे कोण करणार?

चौथा मार्ग म्हणजे टेबल. त्यात सहा-सात रकाने पुरतात: कामाचा क्रमांक, कामाचा प्रकार, लागणारा तपशील, स्थिती, कोणी घेतलं, कधी घेतलं आणि आतापर्यंत किती प्रयत्न झाले. काउंटरचा प्रोग्रॅम ओळ घालतो. संदेश पाठवणारा वर्कर, म्हणजे रांगेतलं काम उरकणारा प्रोग्रॅम, दर सेकंदाला टेबल पाहतो, काम असलं तर घेतो. दर सेकंदाला पाहण्यात संगणकाची शक्ती वाया जाते असं वाटेल, पण रांग रिकामी आहे का हे पाहायला एसक्यूलाइटला मिलिसेकंदही लागत नाही.

या पद्धतीचा सगळ्यात मोठा फायदा अनेकांच्या लक्षात येत नाही, म्हणून इथे थोडं थांबायला हवं. रुग्णाच्या तपासणीचे आकडे एका डेटाबेसमध्ये आणि रांग दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये असेल, तर दोन ठिकाणी लिहावं लागतं. आकडे लिहून झाले आणि रांगेत टाकण्याआधी वीज गेली, तर रिपोर्ट तयार असूनही संदेश कधीच जाणार नाही. क्रम उलटा केला तर आधी संदेश जाईल आणि रिपोर्टचा पत्ता नसेल. दोन्ही नोंदी एकाच डेटाबेसमध्ये असल्या की एकाच ट्रॅन्झॅक्शनमध्ये लिहिता येतात. मग एकतर दोन्ही होतात, नाहीतर एकही होत नाही. मधली अवस्था शिल्लकच राहत नाही. स्वतंत्र रांग वापरणाऱ्या मोठ्या कंपन्यांना हीच हमी मिळवायला बराच खटाटोप करावा लागतो. एका फाइलमध्ये काम भागवणाऱ्याला ती आपोआप मिळते.

आता सगळ्यात नाजूक जागा. संदेश पाठवणारे वर्कर दोन आहेत असं समजा. पहिला टेबलाला विचारतो, ‘पुढचं शिल्लक काम कोणतं?’ उत्तर येतं, 41. त्याच क्षणी दुसराही विचारतो आणि त्यालाही 41 च मिळतं, कारण पहिल्याने अजून ‘घेतलं’ असं लिहिलेलं नाही. दोघेही लिहितात, दोघेही संदेश पाठवतात. रुग्णाला एकच संदेश दोनदा गेला तर फार बिघडत नाही. पण काम बिल बनवण्याचं किंवा पैसे पाठवण्याचं असेल तर?

भारतीय रेल्वेने एकेरी मार्गासाठी हाच प्रश्न टोकनने सोडवला. दोन स्थानकांवरची यंत्रं विजेच्या तारेने जोडलेली असतात. एका यंत्रातून टोकनाचा लोखंडी गोळा बाहेर आला की तो कुठल्यातरी यंत्रात परत जाईपर्यंत दोन्हीपैकी एकही यंत्र दुसरा गोळा देत नाही. चालकाकडे गोळा असेल तरच गाडी पुढच्या भागात जाते. मार्ग मोकळा आहे का हे पाहणं आणि तो अडवणं, या दोन गोष्टी यंत्राने एकाच कृतीत बांधल्या आहेत. मध्ये दुसऱ्या कोणाला शिरायला जागा नाही.

डेटाबेसमध्येही हेच करायचं. आधी वाचून मग लिहायचं नाही. एकाच आज्ञेत सांगायचं: शिल्लक कामांतलं सगळ्यात जुनं शोध, त्यावर माझं नाव घाल आणि ती ओळ मला दे. एसक्यूलाइटमध्ये एका वेळी एकच जण लिहू शकतो, त्यामुळे दुसऱ्या वर्करची आज्ञा पहिल्याची संपल्यावरच चालते आणि तोवर 41 वर नाव लागलेलं असतं. त्याला 42 मिळतं. बदललेली ओळ त्याच आज्ञेत परत देणारी ‘रिटर्निंग’ ही सोय एसक्यूलाइटमध्ये मार्च 2021 च्या 3.35 आवृत्तीत आली. जुन्या आवृत्तीवर असलेल्यांनी ‘बिगिन इमिजिएट’ने ट्रॅन्झॅक्शन उघडावं, म्हणजे लिहिण्याचा हक्क सुरुवातीलाच हाती येतो आणि मग निवांत वाचून लिहिता येतं.

नवख्यांना ठेच नेमकी इथेच लागते. साध्या ‘बिगिन’ने सुरुवात केली, ओळ वाचली आणि मग लिहायला गेलं, की कधीकधी ‘डेटाबेस इज लॉक्ड’ अशी चूक येते. वाट पाहण्याची मुदत वाढवली तरी ती येतच राहते. कारण असं, की आपण वाचल्यानंतर दुसऱ्या कोणी तरी लिहिलेलं असतं. आपण पाहिलेलं चित्र जुनं झालं आहे आणि जुन्या चित्रावर लिहू देणं एसक्यूलाइटला मान्य नाही. कितीही थांबलं तरी जुनं चित्र नवं होत नाही, म्हणून ते लगेच नकार देतं. बरेच जण इथे वैतागून ‘एसक्यूलाइटला अनेक प्रोग्रॅम झेपत नाहीत’ असा निष्कर्ष काढतात. दोष मात्र ट्रॅन्झॅक्शन उघडण्याच्या पद्धतीचा असतो.

नुसत्या गर्दीमुळे येणारी लॉकची चूक वेगळी, आणि तिच्यावर उपाय सोपा आहे. मुळात एसक्यूलाइट दुसऱ्यासाठी क्षणभरही थांबत नाही. लॉक दिसलं की परत फिरतं. ‘बिझी टाइमआउट’ पाच सेकंद ठेवला की ते तेवढा वेळ थांबून पुन्हा प्रयत्न करतं. पायथनमध्ये ही पाच सेकंदांची मुदत आधीच घातलेली असते.

जुलै 2010 मधल्या 3.7.0 आवृत्तीने आणखी एक मोठी सोय दिली. तोवर कोणी लिहीत असताना वाचणाऱ्यांना थांबावं लागे. नव्या पद्धतीला ‘राइट अहेड लॉग’, थोडक्यात ‘वॉल’ म्हणतात. यात बदल मूळ फाइलमध्ये न लिहिता आधी शेजारच्या लॉग फाइलच्या शेवटी जोडले जातात आणि नंतर सवडीने मूळ फाइलमध्ये उतरवले जातात. त्यामुळे वाचणारे वाचत राहतात, लिहिणारा लिहीत राहतो. रांगेसाठी ही पद्धत चालू करणं ही पहिली पायरी समजावी. मात्र त्यानंतर डेटाबेस म्हणजे एकच फाइल, हे सूत्र काही क्षणांपुरतं खरं राहत नाही: ताजे बदल लॉग फाइलमध्ये असू शकतात. प्रोग्रॅम चालू असताना फक्त मूळ फाइल पेनड्राइव्हवर घेऊन ‘बॅकअप झाला’ म्हणणाऱ्याचे शेवटचे बदल हरवू शकतात. एसक्यूलाइटचीच बॅकअपची आज्ञा वापरली की हा धोका राहत नाही.

विजेचा प्रश्न मात्र मुळापासून समजून घ्यायला हवा. संगणकाने ‘लिहिलं’ म्हटलं तरी अक्षरं काही काळ मेमरीतच असतात. ती डिस्कवर उतरली याची खात्री करून घेण्याला वेळ लागतो. एसक्यूलाइटच्या कर्त्यांनीच दिलेला एक हिशेब बोलका आहे. साध्या संगणकावर एका सेकंदात 50,000 ओळी सहज घालता येतात, पण मिनिटाला 7,200 फेरे घेणाऱ्या जुन्या फिरत्या डिस्कवर सेकंदाला जेमतेम 60 ट्रॅन्झॅक्शन पूर्ण होतात. प्रत्येक ट्रॅन्झॅक्शनच्या शेवटी डिस्कची तबकडी फिरून येण्याची वाट पाहावी लागते, म्हणून. एसएसडीवर ही अडचण खूपच कमी होते. वॉल पद्धतीत ‘सिंक्रोनस’ हा पर्याय ‘नॉर्मल’ ठेवला तर वेग वाढतो आणि वीज गेल्यावर डेटाबेस खराबही होत नाही, पण शेवटचे काही बदल हरवू शकतात. ‘फुल’ ठेवला तर प्रत्येक बदल डिस्कवर उतरल्याशिवाय पुढे पाऊल पडत नाही. ज्या कामात पैसा किंवा रुग्ण आहे, तिथे ‘फुल’च ठेवावं.

आणि वेगाची चिंता करण्यापूर्वी एक साधा भागाकार करावा. दिवसाचे 86,400 सेकंद. लॅबमध्ये रोज हजार रिपोर्ट निघाले तरी सरासरी 86 सेकंदांना एक काम होतं. सकाळच्या गर्दीत ते दहापट झालं असं धरलं तरी आठ-नऊ सेकंदांना एक. सेकंदाला 60 ट्रॅन्झॅक्शनची ती जुनी डिस्कसुद्धा हे हसतखेळत पेलेल. छोट्या व्यवसायांत रांगेसाठी मोठमोठी सॉफ्टवेअर बसवली जातात, तेव्हा हा भागाकार बहुधा कोणी केलेला नसतो.

उरला प्रश्न वर्कर मध्येच मरण्याचा. वर्करने 41 वर नाव घातलं आणि संदेश पाठवण्याआधी तो क्रॅश झाला, तर टेबलात 41 ‘घेतलेलं’ दिसतं आणि कोणीच ते करत नाही. म्हणून ‘कधी घेतलं’ हा रकाना. पाच मिनिटांपूर्वी घेतलेलं आणि अजून न संपलेलं काम पुन्हा ‘शिल्लक’ करायचं, असा नियम लावला की अडकलेली कामं सुटतात. पण मग संदेश गेला आणि ‘झालं’ असं लिहिण्याआधी वर्कर मेला असेल, तर काम दुसऱ्यांदा होणार. हे कुठल्याही रांगेत टाळता येत नाही, काफ्कातही नाही, कारण संदेश पाठवणारी कंपनी आपल्या ट्रॅन्झॅक्शनच्या बाहेर आहे. उपाय एकच: काम दोनदा झालं तरी परिणाम एकदाच व्हावा अशी त्याची रचना करायची. प्रत्येक कामाला रिपोर्ट क्रमांकावरून एक कायमची खूण द्यायची, आणि ती खूण पाहून पलीकडच्याने दुसरी विनंती सोडून द्यायची. पैशांचे व्यवहार सांभाळणाऱ्या अनेक सेवा अशी खूण स्वीकारतात.

काही कामं कधीच पूर्ण होत नाहीत. मोबाइल नंबरात नऊच आकडे असतील तर शंभर वेळा प्रयत्न करूनही संदेश जाणार नाही. प्रयत्न मोजणारा रकाना इथे उपयोगी पडतो: पाच प्रयत्नांनंतर काम बाजूला काढायचं आणि ते माणसाला दाखवायचं. टेबलाचं मोल तेव्हा कळतं. काउंटरवरची मुलगीसुद्धा एका साध्या आज्ञेने, किंवा डेटाबेस पाहण्याच्या मोफत प्रोग्रॅममधून, कुठलं काम का अडलं ते डोळ्यांनी पाहू शकते, नंबर दुरुस्त करून पुन्हा रांगेत लावू शकते. बहुतेक खास रांगांमध्ये आत डोकावणं इतकं सोपं नसतं.

टेबलाच्या या पद्धतीला मर्यादा आहेत, आणि त्या स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. रांगेत काम टाकणारे आणि घेणारे सगळे एकाच संगणकावर असले पाहिजेत. धंतोलीच्या लॅबने रामदासपेठेत दुसरं केंद्र काढलं आणि ती फाइल नेटवर्कवरच्या शेअर्ड फोल्डरमध्ये ठेवून दोन्हीकडून उघडली, तर वॉल पद्धत चालणार नाही. ती एकाच संगणकाच्या सामायिक मेमरीवर अवलंबून आहे. जुनी पद्धतही तिथे भरवशाची नाही, कारण नेटवर्कवरच्या अनेक फाइल व्यवस्थांमधलं लॉक नीट काम करत नाही आणि डेटाबेस खराब होऊ शकतो. दुसरं केंद्र निघालं की सर्व्हरवाल्या डेटाबेसकडे जावं. पोस्टग्रेस या अशा डेटाबेसमध्ये जानेवारी 2016 च्या 9.5 आवृत्तीपासून ‘स्किप लॉक्ड’ ही सोय आहे: दुसऱ्याने धरलेली ओळ ओलांडून वर्कर सरळ पुढची घेतो, त्यामुळे डझनभर वर्कर एकमेकांना न अडवता काम करतात. टेबल तेच, रकाने तेच, बदलतात त्या फक्त चार आज्ञा. जिथे सेकंदाला लाखो घटना हाताळायच्या असतात, तिथे काफ्काच हवा. लिंक्डइनने तो अशाच कामासाठी बनवून 2011 मध्ये खुला केला.

डेटाबेसमध्ये रांग ठेवणं हा कित्येक वर्षं कच्च्या प्रोग्रॅमरचा उद्योग मानला गेला. ट्रॅन्झॅक्शनच्या शास्त्राचे जनक म्हणता येतील असे जिम ग्रे यांनी मात्र 1995 मध्येच ‘क्यूज आर डेटाबेसेस’ नावाचा निबंध लिहिला होता. टिकाऊ रांगेला लॉक लागतं, पडल्यावर सावरण्याची यंत्रणा लागते, सुरक्षा लागते, चौकशीची सोय लागते. हे सगळं डेटाबेसमध्ये आधीच आहे, मग ते निराळं का बांधायचं, असा त्यांचा मुद्दा होता. 1998 चा ट्युरिंग पुरस्कार त्यांना मिळाला. त्यांचं म्हणणं व्यवहारात रुजायला आणखी बरीच वर्षं गेली. नोव्हेंबर 2024 मध्ये आलेल्या ‘रेल्स 8’ या वेबसाइट बनवण्याच्या लोकप्रिय चौकटीने कामांची रांग डेटाबेसमध्येच ठेवणारी ‘सॉलिड क्यू’ मूळ पर्याय म्हणून दिली आणि ती एसक्यूलाइटवरही चालते. आधी तिथे बहुतेक जण रेडिस बसवत.

नागपुरातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत शेवटच्या वर्षाचे प्रकल्प आता ठरत असतील. दवाखान्याची अपॉइंटमेंट, मेसचा हिशेब, ग्रंथालय, यांपैकी विषय काहीही असो, त्यात कुठेतरी ईमेल पाठवणं, पीडीएफ बनवणं, फोटो लहान करणं असतंच. त्यासाठी रॅबिटएमक्यू बसवण्याआधी सात रकान्यांचं एक टेबल करून पाहावं. दोन वर्कर लावावेत, शंभर कामं रांगेत घालावीत आणि काम ऐन भरात असताना, लॅपटॉप असेल तर पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून, संगणक बंद करावा. पुन्हा सुरू झाल्यावर किती कामं झाली, किती उरली, किती दोनदा झाली, हे मोजून प्रकल्पाच्या अहवालात लिहावं. परीक्षकांनीही ते आवर्जून विचारावं.